आरोग्य-चिंतन : गाठ जावी, ग्रंथी राहावी



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मास नुकताच सुरू झाला होता. ४२ वर्षांच्या एक भगिनी आपल्या सासूबाईंना सोबत घेऊन दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) गळ्याच्या उजव्या बाजूस लिंबाएवढी गाठ होती; घास गिळताना ती वर-खाली सरके. वेदना नव्हती, परंतु गिळताना काही अडकल्याचा भास होई आणि चारचौघांत बसले की लोकांची नजर गळ्याकडेच जाते, याचा संकोच वाटे. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झालेली होती. गाठ कर्करोगाची नाही, असा अहवाल होता. शस्त्रक्रिया करून ग्रंथीचा उजवा अर्धा भाग काढून टाकावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझी पूर्ण ग्रंथी तेवीस वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून एक दिवस गोळीवाचून उजाडला नाही. हिच्या वाट्याला तरी ते नको."

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "आई, मला गोळीचे भय नाही. मला एवढेच कळावे, की गाठ जाताना तिच्याबरोबर माझे आणखी काय काय जाणार आहे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. गाठ नाहीशी करणे हे उपचाराचे अर्धेच कार्य होय. गाठीभोवतीची निरोगी ग्रंथी आपले काम पूर्वीप्रमाणे करीत राहील की नाही, हे उरलेले अर्धे. आजच्या लेखात या उरलेल्या अर्ध्याचा विचार करू.

लहान ग्रंथी, मोठा कारभार

थायरॉईड ग्रंथीला शुद्ध मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या समोर, श्वासनलिकेला बिलगून ती फुलपाखराप्रमाणे दोन पंख पसरून बसलेली असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे १५ ते २० ग्रॅम. आपण खातो त्या मिठातील आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, पचन, मासिक पाळी, मनाची उमेद, गर्भातील बालकाच्या मेंदूची वाढ या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो.

या कारभारावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तातील संप्रेरक कमी पडू लागले की ती टीएसएच नावाचा आदेश वाढवते. संप्रेरक जास्त झाले की आदेश आवरता घेते. म्हणून टीएसएच वाढलेला असणे म्हणजे ग्रंथी मंदावलेली असणे, आणि टीएसएच घटलेला असणे म्हणजे संप्रेरकाचा अतिरेक असणे, असा उलटा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. प्रौढांत टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४ या दरम्यान असतो. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्या बदलतात.

आता गाठीचा विचार. थायरॉईडमधील गाठी अतिशय सामान्य आहेत. हाताला लागणारी गाठ शंभरांपैकी चार ते सात प्रौढांत आढळते. सोनोग्राफीने पाहिल्यास हे प्रमाण कितीतरी अधिक भरते. त्यांपैकी फार मोठा भाग निरुपद्रवी असतो. आणखी एक गोष्ट महत्त्वाची : बहुतेक निरुपद्रवी गाठी संप्रेरकाच्या निर्मितीत फारसा वाटा उचलत नाहीत. घरात एखादा पाहुणा जागा अडवून बसावा, पण घरकामाला त्याचा हातभार नसावा, तशी ही गाठ असते. काम करणारे घरचे लोक निराळेच. ते गाठीभोवतीच्या निरोगी पेशींत असतात.

एका शल्यचिकित्सकाचा पश्चात्ताप

निरोगी ग्रंथी गमावण्याचा अर्थ काय, हे वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत देऊन कळले. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगराळ प्रदेशात आयोडीनच्या अभावामुळे गलगंड घरोघरी होता. बर्न येथील शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी गलगंडाची शस्त्रक्रिया, जी पूर्वी अनेकांचे प्राण घेई, ती अत्यंत सुरक्षित करून दाखवली. गाठीबरोबर ते कित्येकदा पूर्ण ग्रंथीही काढून टाकीत. कारण ही ग्रंथी शरीराला कशासाठी लागते हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची अशी शस्त्रक्रिया केली. पुढे तिच्या डॉक्टरांकडून कळले की मुलीची वाढ खुंटली असून बुद्धीही मंदावली आहे. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांच्यापैकी बहुसंख्य सुजलेले, थंडीने गारठणारे आणि विचाराने मंद झालेले आढळले. १८८३ साली त्यांनी हे शल्यचिकित्सकांच्या सभेपुढे स्वतः मांडले आणि निरुपद्रवी गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. १९०९ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. स्वतःच्या यशस्वी म्हणवल्या गेलेल्या शस्त्रक्रियांतील दोष जगापुढे स्वतःच ठेवण्याचे धैर्य मला त्या पुरस्काराहून थोर वाटते.

आज पूर्ण ग्रंथी काढली तरी तशी दुर्दशा होत नाही, कारण गोळीच्या रूपाने संप्रेरक उपलब्ध आहे. सासूबाई तेवीस वर्षे उत्तम आयुष्य जगल्या, हे त्याचेच उदाहरण. परंतु पूर्ण ग्रंथी काढल्यावर गोळी जन्मभर अटळ होते. अर्धी ग्रंथी काढल्यावर उरलेला अर्धा भाग बहुतेकांत काम सांभाळून नेतो. तरी साधारण पाचांपैकी एका रुग्णात तो कमी पडतो आणि गोळी सुरू करावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच टीएसएच वरच्या मर्यादेजवळ असेल, किंवा ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असतील, तर ही शक्यता आणखी वाढते.

बिनटाक्याचा मार्ग

गेल्या दोन-तीन दशकांत या गाठींवर असे उपचार विकसित झाले, ज्यांत ग्रंथी काढली जात नाही. गाठ आतल्या आत निकामी केली जाते. पाण्याने भरलेल्या गाठीतील द्रव सुईने ओढून घेऊन तेथे शुद्ध इथेनॉल सोडतात. घन गाठीसाठी लेझर, मायक्रोवेव्ह किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी यांच्या उष्णतेचा उपयोग करतात. यांपैकी रेडिओफ्रीक्वेन्सीची पद्धत दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी विशेष परिश्रमाने परिपूर्ण केली. आता ती आपल्या मोठ्या शहरांतही उपलब्ध आहे.

रुग्णाला पूर्ण भूल दिली जात नाही. गळ्याची त्वचा बधिर करून सुमारे सव्वा मिलीमीटर जाडीची सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गाठीत नेतात. सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण होऊन तेवढ्याच भागातील पेशी मरतात. डॉक्टर सुई थोडी थोडी सरकवत गाठीचे कप्प्याकप्प्याने दहन करतात. रुग्ण जागा असल्याने मधूनमधून त्याला बोलायला लावतात. आवाजाच्या नसेला धग लागत असेल तर लगेच समजते. नाजूक जागी गाठ आणि नस यांच्यामध्ये साखरेचे द्रावण सोडून आड तयार करतात. टाके नाहीत, व्रण नाही; बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते. म्हणून गाठ त्याच दिवशी नाहीशी होत नाही. वर्षभरात तिचे घनफळ साधारणपणे ५० ते ८० टक्क्यांनी घटते. येथे अनेकांचा गैरसमज होतो. ३.६ सेंटिमीटर लांबीची गाठ वर्षाने २.३ सेंटिमीटर दिसली, की रुग्ण निराश होतो : "एवढेच कमी झाले?" परंतु लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही घटल्यावर त्या गाठीचे घनफळ साडेबारा मिलीलीटरवरून सुमारे तीनवर आलेले असते. म्हणजे तीन चतुर्थांश गाठ गेली. अहवाल वाचताना लांबी पाहून खंतावू नये; घनफळ विचारावे.

ग्रंथीचे कार्य राहते का?

मूळ प्रश्नाचे उत्तर आश्वासक आहे. उष्णता गाठीपुरती मर्यादित ठेवली जाते आणि गाठ बहुधा कामकरी नसतेच. त्यामुळे उपचारापूर्वी ज्यांचा टीएसएच योग्य होता, त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो नंतरही योग्य राहतो. कोरियातील अनेक केंद्रांतील १,४५९ रुग्णांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत गंभीर आणि किरकोळ असे सर्व उपद्रव मिळून ३.३ टक्के होते. गंभीर उपद्रवांत आवाजातील बदल मुख्य होता. आणि ग्रंथी कायमची मंदावल्याचे उदाहरण केवळ एक होते.

तरीही तीन प्रसंगी सावध राहावे लागते.

पहिला प्रसंग उपचारानंतरच्या आरंभीच्या आठवड्यांचा. पेशी फुटल्या की त्यांत साठलेले संप्रेरक रक्तात सांडते. काहींना छातीत धडधड, हातास कंप, घाम, अस्वस्थता जाणवते; टीएसएच घटलेला दिसतो. ही गळती असते, वाढलेली निर्मिती नव्हे. म्हणून निर्मिती रोखणारी औषधे येथे उपयोगी नाहीत. धडधड त्रासदायक असेल तर डॉक्टर काही दिवसांपुरते औषध देतात. बहुधा काही आठवड्यांत सारे पूर्ववत होते.

दुसरा प्रसंग प्रतिपिंडांचा. काहींच्या शरीरात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे असतात. रक्तातील अँटी-टीपीओ या तपासणीने ती कळतात. हाशिमोटो या जपानी वैद्याने १९१२ साली वर्णिलेला हा विकार ग्रंथीला वर्षानुवर्षे कुरतडत जातो. अशा व्यक्तीची ग्रंथी गाठीच्या उपचारानंतर मंदावली, तर दोष बहुधा उपचाराचा नसून मूळच्या विकाराचा असतो. परंतु ही तपासणी आधी केलेली नसेल, तर हा भेद नंतर सांगून कोणाला पटत नाही.

तिसरा प्रसंग उष्ण गाठीचा. थोड्या गाठी पीयूषिकेचा आदेश न मानता स्वैरपणे संप्रेरक बनवतात. टीएसएच आधीच घटलेला असतो आणि विशिष्ट स्कॅनमध्ये गाठ ठळक उमटते. येथे गाठ लहान करणे पुरेसे नाही, तिची स्वैर निर्मिती थांबली पाहिजे. इटलीतील एका अभ्यासात बारा मिलीलीटरपेक्षा लहान उष्ण गाठींत दहांपैकी आठ-नऊ रुग्णांचा टीएसएच पूर्ववत झाला. मोठ्या गाठींत मात्र निम्म्यांहून कमी रुग्णांचा. कडेला जिवंत राहिलेला लहानसा भागही पुन्हा कुरघोडी करू शकतो. म्हणून मोठ्या उष्ण गाठीसाठी किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हेच अजूनही अधिक भरवशाचे मार्ग आहेत.

त्या भगिनींचे पुढे काय झाले

त्यांचा टीएसएच ३.९ होता, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकलेला. अँटी-टीपीओ तपासून घेतले. ते बरेच वाढलेले निघाले. सुईची तपासणी दुसऱ्यांदा करवून घेतली. अहवाल पुन्हा निरुपद्रवीच आला. मग दोघींना समोर बसवून मी सांगितले : "अर्धी ग्रंथी काढली तर तुमच्या बाबतीत गोळी लागण्याची शक्यता मोठी आहे. सुईच्या उपचाराने तुमच्या कामकरी पेशी वाचतील. पण तुमच्या ग्रंथीला एक जुने दुखणे आहे. ते हा उपचार बरे करणार नाही. आज ना उद्या गोळी लागू शकते. आणखी एक : काढलेली गाठ पूर्ण तपासता येते, जाळलेली गाठ येत नाही. ती गळ्यातच राहील. तिच्यावर दरवर्षी लक्ष ठेवावे लागेल, क्वचित कडेने पुन्हा वाढलीच तर उपचारही पुन्हा करावा लागेल."

घरी विचार करून त्यांनी सुईचा उपचार निवडला. तिसऱ्या आठवड्यात रात्री धडधड होऊ लागली. यजमान घाबरून त्यांना घेऊन आले. टीएसएच ०.२ होता. धीर धरला, तीन महिन्यांनी तो ३.६ वर आला. वर्षाने गाठ बाहेरून दिसेनाशी झाली. गेल्या वर्षी मात्र थकवा वाढला, त्वचा कोरडी पडली. टीएसएच ७.२ आणि अडीच महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर ८.१ आला. लहान मात्रेची गोळी सुरू करावी लागली.

चिठ्ठी लिहिताना मला थोडे जड वाटत होते. सासूबाईंनी विचारलेच, "म्हणजे एवढे करून शेवटी गोळी लागलीच ना?" सूनबाईंनी माझ्याआधी उत्तर दिले, "आई, त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. गाठ गेली, गळा शाबूत राहिला, माझी ग्रंथी अजून अर्धेअधिक काम करते आहे. गोळी तिला आधार म्हणून आहे, तिच्या जागी नाही." इतक्या नेमक्या शब्दांत मलाही ते सांगता आले नसते.

गोळीविषयी चार शब्द

आपल्या घरांत या गोळीविषयी काही शंका नेहमी विचारल्या जातात, त्यांचा येथे परामर्श घेणे उचित होईल. १८९१ साली इंग्लंडमध्ये हा उपचार प्रथम झाला तेव्हा मेंढीच्या ग्रंथीचा अर्क वापरला होता. त्यामुळे ही गोळी प्राणिजन्य आहे काय, असे अनेक श्रावक-श्राविका विचारतात. आपल्याकडे नेहमी दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिन ही गोळी रासायनिक रीतीने तयार केलेली असते. प्रयोगशाळेत हे संप्रेरक १९२७ सालीच बनवता आले. गोळीतील इतर पूरक घटकांविषयी शंका असल्यास त्या कंपनीचे माहितीपत्रक पाहावे.

गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-दूध काही घेऊ नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. नवकारशी पाळणाऱ्यांनी पच्चक्खाण पारल्यावर प्रथम पाण्याबरोबर गोळी घ्यावी व न्याहारी थोडी पुढे ढकलावी. रक्तातील या संप्रेरकाचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून निर्जळी उपवासाच्या एखाद्या दिवशी गोळी राहिली तर अनर्थ होत नाही. परंतु अठ्ठाईसारख्या दीर्घ तपश्चर्येपूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि ज्यांची पूर्ण ग्रंथी काढलेली आहे, त्यांनी तर स्वतःच्या मनाने गोळी कधीही थांबवू नये. उपवासात सैंधव वापरले जाते. त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही, म्हणून एरवीच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

गळ्यात गाठ आढळली म्हणजे उपचार केलाच पाहिजे असे नाही. लहान, निरुपद्रवी आणि त्रास न देणाऱ्या गाठीवर केवळ नजर ठेवणे हाच योग्य उपचार होय. उपचार करावयाचा ठरल्यास डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : सुईची तपासणी दोनदा होऊन दोन्ही अहवाल निरुपद्रवी आले आहेत काय? टीएसएच, टी-४ आणि अँटी-टीपीओ तपासले काय? टीएसएच घटलेला असल्यास स्कॅन केले काय? माझ्या गाठीस इथेनॉल, उष्णता की शस्त्रक्रिया यांपैकी काय अनुरूप, आणि का? हा उपचार करणाऱ्यांचा अनुभव किती? खर्च किती आणि विमा तो देतो काय? अहवाल संशयास्पद असेल, गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर सुईच्या उपचाराचा आग्रह धरू नये.

उपचारानंतर साधारण एक, सहा आणि बारा महिन्यांनी टीएसएच व सोनोग्राफी करावी, पुढे वर्षातून एकदा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस थांबवाव्यात. त्यांमुळे थायरॉईडचे अहवाल चुकीचे येऊ शकतात. सर्व अहवाल तारखेनुसार एका वहीत लावून ठेवावेत. त्या भगिनींनी अशी वही ठेवली होती, म्हणूनच ३.९ पासून ८.१ पर्यंतचा प्रवास आम्हांला एका दृष्टिक्षेपात वाचता आला.

आता त्या वहीत सासूबाईंचे अहवालही लावलेले असतात. दोघी सकाळी एकाच वेळी गोळी घेतात. एकीची मात्रा मोठी, दुसरीची अगदी लहान. मागच्या भेटीत सासूबाई हसून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आता गोळीची आठवण मला हीच करून देते."